भाद्रपद संपला तरी फाटकाला कडी हवीच

भाद्रपद आणि कुत्री यांचं नातं मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. पाऊस ओसरू लागला की गल्लीत आठ-दहा कुत्र्यांचा घोळका एका कुत्रीमागे फिरू लागतो, रात्र रात्र भांडणं चालतात, आणि थंडीच्या तोंडावर एखाद्या जिन्याखालून किंवा बंद टपरीच्या आडोशातून पिल्लांची कुईकुई ऐकू येते. हे निरीक्षण खरं आहे. पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या अभ्यासांतही जुगण्याचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि पिल्लांचा जन्म हिवाळ्यात असाच आढळला आहे. अडचण आहे ती त्यातून आपण काढलेल्या निष्कर्षाची. घरात नर पाळणारे बरेचजण एवढे दोन महिने थोडं जपतात आणि उरलेलं वर्ष निर्धास्त असतात. कित्येकजण तेवढंही जपत नाहीत, कारण त्यांच्या लेखी पिल्लं ही कुत्रीच्या मालकाची काळजी. 'नर घ्या, म्हणजे पिल्लांची भानगड नाही' हा सल्ला पिल्लू घेताना सर्रास दिला जातो. माझं म्हणणं याच्या उलट आहे. खच्ची न केलेला नर पाळणं ही मादी पाळण्यापेक्षा जास्त दीर्घकाळाची जबाबदारी आहे. मादीला वर्षातले काही आठवडे जपावं लागतं, नराला बारा महिने. आणि हे जपणं त्याच्या शहाणपणावर सोडता येत नाही, ते कडी, पट्टा आणि भिंत यांच्याच जोरावर होतं.

नर साधारण सहा ते बारा महिन्यांचा असताना वयात येतो, ग्रेट डेनसारख्या थोराड जातींना थोडा जास्त वेळ लागतो. त्यानंतर त्याला माज येत-जात नाही; तो म्हातारपणापर्यंत कोणत्याही दिवशी, कोणत्याही ऋतूत तयार असतो. मादी बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते. रस्त्यावरच्या माद्या पुष्कळशा हंगाम पाळतात. घरात वेळेवर जेवण मिळणारी लॅब्राडोर किंवा पॉमेरेनियन मादी मात्र चैत्रातही माजावर येईल आणि मार्गशीर्षातही. शेजारच्या इमारतीत कोणाची मादी कधी माजावर आली हे नराच्या मालकाला कोणी कळवत नाही. कुत्र्याला ते कळतं. ती जिथे मुतून गेली तो विजेचा खांब, ती गाडीची चाकं, लिफ्टचा कोपरा यांवरून त्याला सगळी बातमी लागते. तो जेवण अर्धवट टाकतो, दाराशी येरझाऱ्या घालतो, रात्री रडतो, एखाद्या जागी मूत चाटून दात कडकडवतो, फिरायला नेल्यावर एकाच दिशेला ओढतो. बरेच मालक याला आजारपण समजतात किंवा हट्ट समजून रागावतात. खरं तर ही मालकाला मिळालेली आगाऊ सूचना आहे: आसपास माजावर आलेली कुत्री आहे, पुढचे तीन-चार आठवडे दार सांभाळा.

तीन-चार आठवडे का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुका या मोजणीत होतात. माजाचे ढोबळ दोन टप्पे धरता येतील. पहिल्या टप्प्यात योनीमुख सुजतं, रक्त जातं, नर मागे लागतात, पण कुत्री त्यांना अंगाला लागू देत नाही. बसते किंवा उलटून दात दाखवते. हा टप्पा सरासरी नऊ दिवसांचा. दुसऱ्या टप्प्यात स्राव पातळ होतो, गवताच्या काडीसारखा फिकट दिसू लागतो, आणि आता ती शेपूट एका बाजूला करून उभी राहते. हाही सरासरी नऊ दिवसांचा. घरोघरी समज असा असतो की रक्त थांबलं म्हणजे माज संपला. प्रत्यक्षात रक्त फिकं पडतं तेव्हाच ती गाभण राहण्याचे दिवस सुरू होतात. जपणारी माणसं नऊ दिवस डोळ्यांत तेल घालून जपतात आणि दहाव्या दिवशी दार उघडं टाकतात. शिवाय सरासरी ही फक्त सरासरी. पहिला टप्पा तीन दिवसांत आटोपू शकतो किंवा सतरा दिवस चालू शकतो, दुसरा तीनपासून एकवीस दिवसांपर्यंत. नराचं वीर्य मादीच्या शरीरात आठवडाभर टिकू शकतं, त्यामुळे 'अजून वेळ आहे' म्हणून दुर्लक्षिलेला लागही लागू पडतो. काही माद्यांचं रक्त इतकं कमी जातं, किंवा त्या स्वतःला इतकं चाटून स्वच्छ ठेवतात, की माज आल्याचं घरच्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून नियम सोपा ठेवावा: रक्ताचा पहिला थेंब दिसला त्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लिहायची आणि तिथून पुरते चार आठवडे मोजायचे.

ज्या घरात नर आणि मादी दोन्ही आहेत तिथे हे चार आठवडे फार कठीण जातात. 'बहीण-भाऊ आहेत', 'तो तिचाच मुलगा आहे' असं म्हणून लोक निश्चिंत राहतात. कुत्र्यांना हे नातं आड येत नाही. एका वेताची दोन पिल्लं एकत्र वाढवली तर मादीच्या पहिल्याच माजाला भाऊ तिला लागू शकतो, आणि तेव्हा ती स्वतः जेमतेम सात-आठ महिन्यांची असते. एका खोलीत दोघं आणि मध्ये घरच्यांचा पहारा, हा उपाय चालत नाही. पहारेकऱ्याला फोन येतो, दूध उतू जातं, तेवढा वेळ पुरतो. जाळीच्या किंवा गजांच्या दारावरही विसंबू नये. गजांमधूनही कुत्री जुगतात. दोघांच्या मध्ये दोन बंद दारं असावीत, म्हणजे एक चुकून उघडं राहिलं तरी दुसरं असतं. मादीला घातलेली चड्डी किंवा डायपर फरशी स्वच्छ ठेवण्यापुरतं आहे. नर ते बाजूला सारतो किंवा फाडतो. सर्वांत कमी मनस्ताप होतो तो दोघांपैकी एकाची चार आठवडे नातेवाइकांकडे सोय केली तर. तिथेही विरुद्ध लिंगाचं जनावर नाही याची खात्री करून. आणि दोघांना कायम एकत्रच ठेवायचं असेल, तर निदान एकाची शस्त्रक्रिया टाळणं म्हणजे दर सहा महिन्यांनी स्वतःची परीक्षा घेणं आहे.

एकटा नर असलेल्या घरात सगळा भार दारावर असतो. इथे प्रशिक्षणावर फार भरवसा ठेवला जातो. हाक मारली की परत येणारा, 'बस' म्हटलं की बसणारा कुत्रा चांगलाच; पण वर्षभर हाकेला ओ देणारा कुत्रा माजावरच्या कुत्रीच्या वासावर असताना ती हाक ऐकेल असं धरून चालू नये. मैदानात, टेकडीवर, समुद्रकिनाऱ्यावर मोकळं सोडण्याचा मोह याच कारणासाठी आवरायला हवा. पट्टा मजबूत आणि ठरावीक लांबीचा असावा. गळपट्टा दोन बोटं जेमतेम शिरतील इतका. सैल गळपट्ट्यातून कुत्रा मागे सरकून डोकं काढून घेतो, म्हणून ओढणाऱ्या नराला गळपट्ट्यासोबत छातीचा हार्नेसही घालून दोन्हींना दोरी अडकवावी. बंगल्याच्या फाटकाखालची फट, कुंपणालगत उकरलेली माती, भिंतीला टेकवून ठेवलेली सायकल किंवा विटांचा ढीग, पावसाळ्यात सैल झालेला तारेचा खांब, हे सगळं कुत्र्याच्या उंचीवरून पाहून घ्यावं. फ्लॅटमध्ये निसटण्याची वेळ बहुधा ठरलेली असते: सकाळी दूधवाला येतो तेव्हा, कामवाल्या ताई कचरा बाहेर ठेवतात तेव्हा, मुलं शाळेतून येतात तेव्हा. दाराच्या आत लहान मुलांसाठी लावतात तसं एक बुटकं फाटक लावलं आणि 'आतलं बंद केल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही' हे घरातल्या प्रत्येकाने पाळलं, तर बराच धोका टळतो. यावर काहीजण सोपा मार्ग काढतात, कुत्र्याला दिवसरात्र साखळीला बांधून टाकतात. हा मार्ग कोणी धरू नये. सतत बांधलेला कुत्रा चिडका होतो, आणि आखूड किंवा जड साखळीला जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. अडवायचं ते बाहेर पळण्यापासून. घरात, अंगणात त्याचं हिंडणं-फिरणं, रोजचा भरपूर व्यायाम चालूच राहायला हवा.

इतकं करूनही लाग झालाच, तर पुढच्या पाच मिनिटांत माणसं जे करतात ते पाहवत नाही. नराच्या लिंगाचा मुळाशी असलेला भाग मादीच्या शरीरात फुगतो आणि दोघं अडकतात; नर उतरून पाठमोरा होतो आणि दोघं पाठीला पाठ लावून उभे राहतात. पाच मिनिटांपासून पाऊण तासापर्यंत हे चालू शकतं. गंमत म्हणून किंवा लाजेपोटी माणसं त्यांच्यावर दगड मारतात, गरम पाणी ओततात, काठीने झोडपतात. त्यांना ओढून वेगळं करता येत नाही. ओढलं तर दोघांच्याही नाजूक अवयवांना गंभीर इजा होते. आणि त्याचा उपयोगही नसतो, कारण गर्भ राहण्यापुरतं वीर्य अडकण्याच्या सुरुवातीच्या काळातच गेलेलं असतं. अशा वेळी एकच काम करायचं: दोघांना शांत ठेवायचं, इतर कुत्र्यांना आणि पोरांना लांब ठेवायचं, आणि सुटेपर्यंत थांबायचं. मादी पाळलेली असेल तर तिच्या मालकाने दोन-चार दिवसांत पशुवैद्याला गाठावं. माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या तिला देऊ नयेत. पूर्वी अशा प्रसंगी सर्रास दिली जाणारी इस्ट्रोजेनची इंजेक्शनं गर्भाशयात पू होणं आणि अस्थिमज्जा बिघडणं असे जिवावर बेतणारे परिणाम करू शकतात, हेही ठाऊक असावं. तिच्यापासून पिल्लं घ्यायची नसतील तर गर्भाशय व बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया हा बहुतेक वेळा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. नराच्या मालकाने इथे गप्प बसू नये. तारीख आणि वेळ सांगावी, आणि खर्चाचा वाटा उचलावा.

आता नेहमी घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाकडे. 'रस्त्यावर इतके नर मोकाट आहेत. आमचा नसता तर दुसरा कोणी असता. मग आमच्या एकट्याच्या जपण्याने काय फरक पडतो?' या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाऊ नये. एका वस्तीतल्या दहापैकी नऊ नरांना खच्ची केलं तरी उरलेला एक नर सगळ्या माद्यांना पुरतो. म्हणूनच मोकाट कुत्र्यांची संख्या आटोक्यात आणताना माद्यांच्या शस्त्रक्रियांना जास्त महत्त्व असतं. एका घरच्या नराला आवरल्याने गल्लीतली पिल्लं कमी होतील असं वचन कोणी देऊ शकत नाही. पण आक्षेप इथेच थांबतो. मालकाची जबाबदारी मात्र इथे संपत नाही. जी पिल्लं जन्मतात त्यांचं काय होतं हे पाहा. आयसर कोलकाता इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोकाट कुत्र्यांच्या ३६४ पिल्लांचा मागोवा घेतला होता. त्यातली अवघी १९ टक्के पिल्लं सातव्या महिन्यापर्यंत जगली. मेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांमुळे मेली. पाचातली चार पिल्लं वयात येण्याआधी संपणार हे ठाऊक असताना, 'दुसरा कोणी असता' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. शेजारच्या इमारतीतल्या पाळीव मादीच्या बाबतीत तर ते मुळीच लागू पडत नाही. तिच्यापर्यंत रस्त्यावरचा नर पोचत नाही, सोसायटीच्या आवारात वावरणारा पाळलेला नर पोचतो.

शिवाय या सगळ्यात तुमच्या कुत्र्याचाही जीव आहे. घोळक्यात शिरलेला पाळीव नर बहुधा मार खातो. रस्त्यावर वाढलेल्या नरांचे डावपेच त्याला माहीत नसतात. वासामागे रस्ता ओलांडताना त्याला गाडी दिसत नाही. आणि लागातून पसरणारा एक विलक्षण कर्करोग आपल्याकडे मोकाट कुत्र्यांत बराच आढळतो. त्याला पशुवैद्य टीव्हीटी म्हणतात. इथे विषाणू नसतो. कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात, हजारो वर्षं अशाच रुजत आल्या आहेत. लिंगावर किंवा योनीत फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी गाठ दिसते. चाटण्या-हुंगण्यामुळे ती नाकातोंडातही होऊ शकते. आठवड्याला एक अशी व्हिनक्रिस्टिनची काही इंजेक्शनं घेतली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात, पण त्यासाठी गाठ वेळेत ओळखायला हवी. नराच्या लिंगातून थेंब थेंब रक्त येतं ते लघवीचा त्रास समजून लोक महिनोन् महिने घरगुती उपाय करत बसतात.

इथवर खच्चीकरणाचा विषय मुद्दाम मागे ठेवला, कारण तो पुढे आला की बाकी सगळं ऐकणं थांबतं. खच्चीकरणाने काय होतं याबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. प्रौढ नरांवरच्या १९७६ च्या एका गाजलेल्या अमेरिकी पाहणीत, शस्त्रक्रियेनंतर सुमारे ९० टक्के कुत्र्यांचं भटकणं कमी झालं. ठिकठिकाणी मुतून खुणा करणं जवळपास निम्म्यांत कमी झालं. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र खच्ची केल्याने धीट किंवा गरीब होत नाही, ती आशा धरून शस्त्रक्रिया करू नये. 'एकदा लागू दिला की शांत होईल' या समजाला आधार नाही. अनुभव आलेला नर पुढच्या वेळी अधिक आतुर असतो. 'खच्ची केला की राखण करणार नाही' ही भीती वाडी-वस्तीवर, मळ्यावर फार ऐकू येते. अनोळखी माणूस दिसताच भुंकणं, घर आपलं मानणं हे वृषणांवर अवलंबून नसतं. उलट रात्री राखणीसाठी मोकळा सोडावाच लागणारा मळ्यावरचा नर हाच खच्चीकरणासाठी सर्वांत योग्य, कारण तिथे कुंपण घालणं शक्य नसतं आणि माजावरच्या कुत्रीमागे चार-चार रात्री गायब झालेला कुत्रा राखण कसली करणार? वजन वाढतं ही तक्रार खरी आहे. शस्त्रक्रियेनंतर शरीराची गरज घटते, त्यामुळे पोळी-भाताचं माप कमी करायला हवं.

शस्त्रक्रिया कधी करावी याचं उत्तर सगळ्या कुत्र्यांना एक नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस संकुलात बेंजामिन हार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि २०२० मध्ये ३५ जातींवर प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून दिसलं की अनेक मोठ्या जातींत वर्षाच्या आत शस्त्रक्रिया केली तर सांध्यांच्या विकारांची जोखीम वाढते. लहान जातींत असा फरक फारसा दिसला नाही. म्हणजे लॅब्राडोर, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांच्या बाबतीत थोडं थांबण्यात अर्थ आहे, आणि तो थांबण्याचा काळ, सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा, हाच निसटण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा. एक वृषण पोटातच राहिलेलं असेल तर थोडं थांबलं तरी चालतं, पण शस्त्रक्रिया टाळू नये. अशा वृषणात पुढे गाठ होण्याची शक्यता बरीच जास्त असते, आणि ही खोड वारशाने जात असल्याने त्या नरापासून पिल्लं घेऊ नयेत.

खच्चीकरण नकोच म्हणणारे नॉर्वेचा दाखला देतात. दाखला खरा आहे. नॉर्वेच्या कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय जनावराचा अवयव काढता येत नाही, तिथले बहुतेक नर अखंडच असतात, आणि तरीही तिथे बेवारस पिल्लांचा प्रश्न नाही. पण त्याच देशात दरवर्षी १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात कुत्रा दोरीला किंवा कुंपणाआड ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि रस्त्यावर मोकाट कुत्री नाहीतच. तिथल्या मालकाने सुरीऐवजी दोरी निवडली आणि ती रोज हातात धरली. आपल्याकडेही कोणी नर अखंड ठेवला तर मी त्याला दोष देणार नाही. आरोग्याच्या बाजूने त्याच्याकडे काही चांगली कारणं असतात. मात्र २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव जनावराच्या लसीकरणाची आणि निर्बीजीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे, आणि निर्बीजीकरण नको असेल तर त्याची जागा भरून काढणारं काहीतरी मालकाने द्यायला हवं. ते म्हणजे दहा-बारा वर्षं, दर सकाळी आणि दर संध्याकाळी, आतलं फाटक लावून मगच बाहेरचं उघडणं.

शस्त्रक्रिया केली तरी त्याच आठवड्यात निर्धास्त होऊ नये. नलिकांमध्ये आधीचं वीर्य उरलेलं असतं; निदान सहा आठवडे माजावरच्या मादीपासून त्याला लांबच ठेवावं. आणि अखंड नर निसटून रात्रभर बाहेर राहिला असेल, तर परत आल्यावर मारू नये. परत येण्याबद्दल मार मिळतो एवढंच तो शिकेल. अंग तपासून चावे स्वच्छ करावेत, रेबीजची लस वेळेवर झालेली असली तरी चावा दिसल्यास पशुवैद्याकडून डोस विचारून घ्यावेत. गल्लीतली कोणती कुत्री माजावर आहे, तिच्या कानाला निर्बीजीकरणाची खाच आहे का, हे पाहावं. खाच नसेल तर तारीख लिहून ठेवून महापालिकेच्या किंवा निर्बीजीकरण करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या लोकांना कळवावं. सुमारे त्रेसष्ट दिवसांनी ती व्यायची आहे, आणि तोवर त्यांच्या हातात वेळ असतो. पुढचे सहा महिने, महिन्यातून एकदा, नराच्या लिंगावरची कातडी मागे सारून गाठ किंवा रक्त दिसतं का तेही बघावं.